पाऊस रस्त्यात मुरावा, घरात शिरू नये

वर्षावास सुरू झाला की विहारांत ग्रंथवाचन सुरू होते, आणि त्याच महिन्यांत आपल्या वस्त्यांतले दवाखानेही भरू लागतात. ताप, जुलाब, कावीळ, पायांच्या बोटांतल्या चिखल्या. दर पावसाळ्यात या पानावर आम्ही लिहीत आलो की पाणी उकळून प्या, पिंप झाका, उघड्यावरचे खाऊ नका. ते आजही खरे आहे. पण या अंकात आम्ही दवाखान्याच्या आधीचा प्रश्न घेत आहोत. दारासमोरचा रस्ता कसा बांधला आहे, यावर त्या घरातले मूल पावसाळ्यात आजारी पडेल की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते. रस्ता इंजिनिअरचा आणि ताप डॉक्टरचा, अशी वाटणी आपण मान्य केली तर दरवर्षी औषधच घेत राहू.

घर खाली कसे गेले?

जुन्या वस्तीतल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला विचारा. घर बांधले तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आत जावे लागे. आज अनेक घरांत दोन पायऱ्या उतरून जावे लागते. घर खचलेले नाही, रस्ता वर आला आहे. दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर पडतो. कधी डांबर, कधी काँक्रीट, कधी पेव्हर ब्लॉक. दर वेळी चार-सहा इंच उंची वाढते. उद्घाटनाचा नारळ फुटतो, पाटी लागते आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उंबरा ओलांडून आत येते. कारण पाणी सर्वांत खालची जागा शोधते, आणि ती जागा आता आपल्या घराची लादी असते.

दुसरी गोष्ट झाली ती मातीची. पूर्वी गल्लीच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी, अंगणात थोडी उघडी जमीन होती. त्यात थोडे तरी पाणी मुरत होते. आज भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट असते. झाडाच्या बुंध्यालाही सिमेंट लावलेले असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीच्या एका प्रकरणात झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या गल्लीतल्या झाडांकडे पाहा, म्हणजे किती ठिकाणी ती जागा मोकळी आहे ते कळेल.

थोडा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होते. दहा फूट रुंद आणि दीडशे फूट लांब गल्ली म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर. तिच्यावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १४ हजार लिटर पाणी होते. दोनशे लिटरचे ७० पिंप. छपरांवरून गल्लीत उतरणारे पाणी यात धरलेले नाही. यातले काहीच मुरले नाही, तर सगळे त्या फूटभर रुंदीच्या गटारात जायला हवे. गटारात आधीच मोरीचे पाणी, गाळ आणि प्लास्टिक असते.

मोठी गटारेही अपुरीच

मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा हिशेबाने बांधलेली होती. ती तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची ब्रिमस्टोवॅड योजना १९९३ च्या अहवालात मांडली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही ते काम अपुरेच होते. त्या दिवशी मिठी नदीकाठच्या वस्त्यांचे काय झाले ते सांगायला नको. पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठचे भाग पाण्यात गेले. शहर कोणतेही असो, नाल्याकाठी आणि सखल जागी राहणाऱ्यांना पाण्याचा पहिला तडाखा बसतो. चांगली उंच जमीन आपल्या वाट्याला कधी आली नव्हती, याचे कारण भूगोलाच्या पुस्तकात सापडणार नाही.

मुंबईत आणखी एक अडचण आहे. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वाढते आणि नाल्यांचे पाणी बाहेर पडत नाही. मोठे पंप बसवले गेले, हिंदमाताजवळ जमिनीखाली पाणी साठवण्याच्या टाक्याही बांधल्या. त्यांचा उपयोग होतो. पण पंप मोठ्या नाल्याच्या तोंडाशी असतो. आपल्या गल्लीतले पाणी तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ते आपल्या घरात असते.

त्या पाण्यात काय असते?

गल्लीत साचलेले पाणी केवळ पावसाचे नसते. त्यात गटाराचे, संडासाच्या टाकीचे पाणी आणि उंदीर, कुत्री, गुरे यांचे मूत्र मिसळलेले असते.

लेप्टोचे जंतू या मूत्रातून पाण्यात येतात. पायाला जखम, भेग किंवा चिखल्या असतील तर तिथून, तसेच डोळे आणि तोंड यांतून ते शरीरात शिरतात. पाण्यातून चालल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे, अशी लक्षणे दिसतात. दुखणे वाढले तर कावीळ, लघवी कमी होणे, दम लागणे, रक्तस्राव, आणि मृत्यूही. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीविषयी विचारा. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालील मूल असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगा, त्यांचे औषध वेगळे असते. मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या घेऊ नका.

गॅस्ट्रो, टायफॉइड आणि कावीळ हे पिण्याच्या पाण्याच्या नळात गटाराचे पाणी शिरल्याने होतात. गटारातून किंवा गटाराला लागून गेलेली, गंजलेली नळजोडणी पाण्याखाली गेली, की हा धोका वाढतो. डेंग्यूचा डास मात्र स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण सात ते दहा दिवसांत नवा डास तयार होतो. शिवाय भिंतीत महिनोन् महिने राहणारी ओल आहेच. तिच्यावर बुरशी येते आणि दम्याच्या मुलाला रात्रभर झोप लागत नाही.

म्हणजे पाणी गल्लीत किती वेळ आणि किती उंच साचते, हा या सगळ्या आजारांना जोडणारा धागा आहे.

खोलगट वाफा: साधी युक्ती

आपण रस्त्याच्या कडेला पाहतो ते झाडांचे वाफे उंच असतात. विटांचा कठडा, त्यात माती आणि वर झाड. रस्त्यावरचे पाणी त्यात जाऊच शकत नाही. जगातल्या काही शहरांनी हे उलट केले. वाफा रस्त्यापेक्षा सहा इंच खोल ठेवला, कठड्याला जागोजागी खाचा ठेवल्या आणि रस्त्याला वाफ्याकडे उतार दिला. पाऊस आला की पाणी खाचेतून वाफ्यात शिरते. वर वाळूमिश्रित माती आणि झाडे, खाली खडी. पाणी गाळत गाळत खाली जाते. जमीन घट्ट असेल तर खडीच्या तळाशी भोके पाडलेला पाइप असतो, तो उरलेले पाणी सावकाश गटारात सोडतो. फार पाऊस झाला तर वरच्या तोंडातून जादा पाणी सरळ गटारात जाते.

गावाकडचा शोषखड्डा ज्यांना माहीत आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. नांदेड जिल्ह्यात गावोगावी घरांचे सांडपाणी शोषखड्ड्यांत मुरवले गेले, उघडी गटारे बंद झाली आणि डास कमी झाले. तीच बुद्धी शहरातल्या रस्त्यावर, पावसाच्या पाण्यासाठी वापरायची आहे.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात २००१ साली एका निवासी रस्त्यावर हा प्रयोग झाला. सरळ, २५ फूट रुंद रस्ता १४ फुटांचा, नागमोडी केला गेला. उरलेल्या जागेत खोलगट वाफे, शंभरावर झाडे आणि अकराशे झुडपे आली. मोजणी केली तेव्हा त्या रस्त्यावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी ९८-९९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याच शहरात हाय पॉइंट नावाची गरीब कुटुंबांची जुनी सरकारी वसाहत पाडून नव्याने बांधली, तेव्हा तिच्या सगळ्या रस्त्यांना अशीच रचना दिली गेली. दम्याच्या मुलांच्या कुटुंबांसाठी तिथे ६० घरे ओल आणि धूळ कमी राहील अशा पद्धतीने खास बांधली. रस्ता, घर आणि मुलाचा श्वास यांचा विचार एकत्र झाला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

जसेच्या तसे उचलून चालणार नाही

पण सिएटलमध्ये वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढा २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात पडला होता. तिकडे रिमझिम असते, इकडे कोसळतो. म्हणून आपला हिशेब आपणच करायला हवा. तीन फूट रुंद, तीस फूट लांब आणि सहा इंच खोल वाफा, त्याखाली फूटभर खडी, असे धरले तर एका वेळी सुमारे दोन हजार लिटर पाणी त्यात मावते. म्हणजे दहा पिंप. आपल्या गल्लीचे ७० पिंप होते. पाऊस दिवसभर थोडा थोडा पडला तर वाफा भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो आणि बरेच पाणी सामावतो. ढगफुटीत तो पुरणार नाही. चीनने ‘स्पंज शहरां’वर मोठा खर्च केला, तरी २० जुलै २०२१ ला झेंगझोऊ शहरात एका तासात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि शहर बुडाले. वाफा गटाराला पर्याय नाही, तो गटारावरचा भार हलका करतो. नालेसफाई, रुंद गटार आणि पंप हवेतच. कुणी म्हणाले की झाडे लावली, आता गटार कशाला, तर ते मान्य करू नका.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. पहिली, वाफ्यात फक्त पावसाचे पाणी जावे. मोरीचे किंवा संडासाचे पाणी त्यात गेले तर तो दुर्गंधीचा डबका होईल. म्हणून आधी सांडपाण्याची बंद नळी, मग वाफा. दुसरी, पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत वाफा कोरडा झालाच पाहिजे. दोन दिवसांनंतरही पाणी दिसले तर काम चुकले आहे. एवढ्या वेळात डासाची अंडी पुरी वाढत नाहीत, पण आठवडाभर पाणी राहिले तर आपणच डेंग्यू पोसला असे होईल. तिसरी, घराच्या पायाला चिकटून पाणी मुरवू नये, भिंतीला ओल येते. अंतर ठेवावे किंवा घराकडची बाजू पक्की बांधून घ्यावी. चौथी, डोंगर उतारावर, दरडीच्या वर पाणी मुरवणे धोक्याचे आहे. तिथे पाणी बाहेर काढण्याचीच व्यवस्था हवी.

चार फुटी बोळात वाफा बसणार नाही, हेही उघड आहे. पण बोळ जिथे मिळतात तो वस्तीचा मुख्य रस्ता, विहारासमोरची जागा, अंगणवाडी, शाळेचे मैदान आणि रिक्षा स्टँडची कड या जागा आहेत. वरच्या अंगाला पाणी अडले की खालच्या बोळात ते कमी येते. कर्दळ, सोनटक्का, वाळा ही पाण्यात तग धरणारी झाडे आहेत. मोठ्या झाडांत करंज आणि ताम्हण चांगले. पिंपळ आपल्याला प्रिय आहे, पण त्याची मुळे भिंत आणि पाइप फोडतात. त्याला विहाराच्या मोकळ्या जागेत स्थान द्यावे.

बाबासाहेबांनी पाण्याकडे कसे पाहिले?

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी स्मरतो. पाण्याविषयी बाबासाहेबांचे दुसरे कार्य कमी सांगितले जाते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे, वीज हे विषय त्यांच्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी परिषद झाली. तोवर पुरावर उपाय म्हणजे नदीला बांध घालायचे आणि पाणी लवकरात लवकर समुद्राला घालवायचे, असे मानले जाई. बाबासाहेबांनी ही दृष्टीच चुकीची असल्याचे मांडले. जास्त पाणी हे संकट नव्हे, ते अडवून साठवून लोकांच्या उपयोगी आणले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाचा त्रास जास्त होतो, हेही त्यांनी सांगितले.

आपल्या वस्त्यांत आज दोन्ही आहे. जुलैत घरात गुडघाभर पाणी आणि मे महिन्यात टँकरसमोर रांग. पाणी जिथे पडते तिथे थोडे अडवावे, हा विचार नदीला लागू होता तसा गल्लीलाही लागू होतो. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत रस्त्याकडेला झाडे लावल्याची आणि विहिरी खोदल्याची नोंद आहे, ती माणसांसाठी आणि जनावरांसाठी. झाड आणि पाणी यांचा विचार करून रस्ता बांधणे आपल्या परंपरेला नवे नाही.

हिरवा रस्ता कुणासाठी?

हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही पुढे जाऊ शकत नाही. नदी, नाले आणि हिरवळ यांच्या नावाने उठवली जातात ती घरे बहुतेक वेळा आपली असतात. २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात, पुण्यात दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याच्या कामासाठी वस्तीतली घरे पाडायला सुरुवात झाली. लोक रस्त्यावर आले आणि न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. हाय पॉइंटमध्येही पूर्वी सातशेहून अधिक सरकारी भाड्याची घरे होती. नव्या वसाहतीत सुमारे सोळाशे घरे झाली, पण त्यांतली बरीच बाजारभावाने विकली गेली. रस्ता सुधारला की जागेचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की गरिबाला बाहेर काढण्याची घाई होते. म्हणून आपली मागणी रस्ता सुधारा एवढीच नसावी. आम्हाला इथेच ठेवून रस्ता सुधारा, अशी असावी.

दुसरा प्रश्न हातांचा. वाफ्यात गाळ साचतो, पावसाळ्याआधी तो काढावा लागतो. ते काम कोण करणार? गटारात उतरणारी माणसे बहुतेक आपल्याच समाजांतली असतात. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावणे आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा ठरले. गटारात मृत्यू झाल्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली, ती २०२३ मध्ये ३० लाख केली. उघड्या वाफ्यातला गाळ फावड्याने, हातमोजे आणि बूट घालून, उभ्याने काढता येतो. मॅनहोलमध्ये उतरावे लागत नाही. पण ते कामही रीतसर पगाराचे असावे. ‘तुमचीच वस्ती, तुम्हीच करा’ म्हणून फुकट गळ्यात पडता कामा नये.

काय करता येईल?

१. रस्त्याचे काम सुरू होण्याआधी वॉर्ड ऑफिसला लेखी द्या: जुना थर खरवडून काढा आणि मगच नवा टाका. रस्त्याची उंची घरांच्या उंबऱ्याखालीच राहिली पाहिजे. पोच घ्या.

२. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कामाचा नकाशा, रस्त्याची ठरलेली पातळी, उतार आणि गटाराचे माप मागा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

३. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या सुधारणा योजनांतून रस्ते, गटारे आणि समाजमंदिरांसाठी निधी येतो. त्या कामाच्या आराखड्यात सांडपाण्याची वेगळी नळी, कडेला खोलगट वाफा आणि झाडाभोवती मोकळी माती मागा. काँक्रीट ओतल्यावर मागून उपयोग नाही.

४. विहाराच्या छपराचे पाणी गल्लीत सोडू नका. पिंपात किंवा टाकीत धरा, झाकण आणि जाळी लावा. शंभर चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९०० लिटर पाणी मिळते. ते पिऊ नका, धुण्यासाठी आणि झाडांसाठी वापरा.

५. दर आठवड्याला एक दिवस कोरडा पाळा. पिंप, कुंड्या, टायर, छपरावरची ताडपत्री, सगळे रिकामे करा.

६. पाण्यातून चालताना गमबूट घाला. नसतील तर घरी येताच साबणाने पाय धुऊन कोरडे करा. जखम झाकून ठेवा. ताप आला तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

या सगळ्याची सुरुवात खडूने होऊ शकते. जोराचा पाऊस थांबला की पाणी भिंतीवर जिथवर चढले तिथे रेघ मारा आणि तारीख लिहा. पाणी किती तासांनी उतरले ते वहीत टिपा. त्या आठवड्यात गल्लीत कुणाला ताप आला, तेही घरोघर विचारून त्याच वहीत लिहा. वर्षावासात विहारात रोज माणसे जमतात. वाचन झाल्यावर पंधरा मिनिटे या वहीसाठी ठेवा. महिला मंडळाने ही वही सांभाळली तर अधिक चांगले, कारण घरात पाणी शिरल्यावर रात्र जागून काढणाऱ्या त्याच असतात. अश्विन पौर्णिमेपर्यंत पावसाळाभराचा पुरावा हातात येईल. तो घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो की आमचे ऐका एवढेच म्हणावे लागणार नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या घरात, किती इंच पाणी होते आणि त्यानंतर कोण आजारी पडले, ते दाखवता येईल. पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याचे काम निघेल, तेव्हा ती वही बरोबर घेऊन उभे राहू.

जय भीम. नमो बुद्धाय.